गुरुवारचं पत्र

सकाळचे आठ वाजायला दोन मिनिटं कमी होती. कमलम्मांच्या खोलीत चटईवर बसून भार्गवी मोबाईलकडे बघत होती.

"मला बघायला आलीस का त्या डबीत बघायला?" कमलम्मा म्हणाल्या. "आठ महिने झाले. मला वाटलं, आता मी गेल्यावरच येतीस."

"आलेय की. दोनच मिनिटं, अम्मा."

आठ वाजले. आईचं पत्र गेलं.

सोलापूरभोवतीच्या माळावर या आठवड्यात काय फुललंय, ते आई दर गुरुवारी तीनशे बारा जणांना ईमेलने कळवायची. ती गेल्यापासून भार्गवी कळवत होती. बुधवारी माळ तुडवायचा, गुरुवारी दुपारपर्यंत एकेकाला नावानिशी पाठवायचं. जुन्या कामगार कमलम्मांची तेलुगू गाणी उतरवून घ्यायचा वारही गुरुवारच. तो त्यात गेला. शेवटी ती शिकवायची त्या कॉलेजातल्या ताबीशने आईची अकरा वर्षांची पत्रं आठवड्यावार लावून दिली. ज्या आठवड्याचं पत्र, ते त्या आठवड्यात आता आपोआप जाणार होतं. "मॅडम, फुलं काय, दर वर्षी तीच की," तो म्हणाला होता.

तरी तिला धाकधूक होती. कुणीतरी म्हणणारच, आईचं एवढंसं काम, तेही मशीनवर ढकललंस?

मोबाईल थरथरला. नबीलाल मास्तर. ते आणि आई एकाच शाळेत होते, आणि आईच्या पत्रातली एकही चूक त्यांनी कधी सोडली नव्हती. भार्गवीने निरोप उघडला.

"बेटी, आजचं पत्र बाईंचं. तरवडाच्या फुलांचं, सहा वर्षांपूर्वीचं. पहिल्याच ओळीला ओळखलं. तुझीही पत्रं चांगली होती. पण वाचताना वाटायचं, पोरगी आईच्या चपला घालून चाललीय, टाचा मागे फटफटतायत. बरं केलंस."

भार्गवी हसली. मग तिने डोळे पुसले. मग पुन्हा हसली.

"काय झालं गं?"

"सुटले, अम्मा."

"सुटलीस तर मग ती डबी हिकडं ठेव माझ्यासमोर."

भार्गवीने रेकॉर्डिंग चालू केलं. कारखान्यात बायका चाक फिरवून कांड्यांवर सूत भरताना म्हणायच्या ते गाणं कमलम्मांनी धरलं. आवाज पूर्वीपेक्षा बारीक झाला होता. पहिलं कडवं झालं. दुसऱ्याला त्या थांबल्या. पुन्हा पहिलं म्हणून पाहिलं, पुन्हा तिथेच थांबल्या.

"मागल्या खेपेला येत होतं की मला."

भार्गवीने मोबाईल त्यांच्या आणखी जवळ सरकवला.

"तुला घाई असंल. जा तू."

"घाई नाही. दुपारपर्यंत आहे मी."

कमलम्मांनी डोळे मिटले. शेजारच्या यंत्रमागाचा खडखडाट ऐकू येत होता. मग त्यांचा उजवा हात मांडीवर गोल फिरू लागला, समोर नसलेलं चाक फिरवत. डाव्या हाताच्या बोटांनी नसलेला धागा अलगद धरला. ओठ हलले. हात आणखी दोनदा फिरला, आणि त्याच्या मागोमाग दुसरं कडवं आलं.