एकच बोट

वेदगंगेचं पाणी घरात शिरलं. कळा सुरू झालेल्या लेकीला, त्रिशलाला, गच्चीवर नेऊन पद्मावतीनं निवारा केंद्रात फोन लावला.

"आक्का, बोट एकच हाय, ती कार्यक्रमात गुतलीया. साहेब हलले की धाडतो."

"पोटातलं पोर साहेबासाठी थांबतंय व्हय रं?"

"अवो, गरोदर बायांसाठीच हाय की कार्यक्रम!"

संध्याकाळी बोट आली, तोवर त्रिशलाही उरली नव्हती आणि बाळही. बोटीला झेंडूच्या माळा होत्या. पुढे फलक होता : 'पूरग्रस्त भगिनींचे नावेतले डोहाळजेवण'. बोटवाला ओशाळून माळा तोडू लागला.

 

"राहू दे," लेकीला बोटीत निजवत पद्मावती म्हणाली. "तुझ्या साहेबाला सांग, फुलं वाया गेली न्हाईत."