सुरवसेंचा चार्ज

सुरवसे निवृत्त झाले आणि पाणीपट्टी विभागाचा चार्ज तृप्तीकडे आला. चार्ज म्हणजे हल्ली कपाटाच्या किल्ल्या नव्हेत. डोक्याला पट्टा लावून सुरवसेंच्या डोक्यातलं ऑफिसचं सगळं काढून घेतलं आणि तिच्या डोक्यात घातलं. जुन्यातली जुनी फाइल तिला तोंडपाठ झाली.

पंधरवड्याने त्यांची बायको एकटीच पेन्शनचा फॉर्म घेऊन टेबलाशी आली. तृप्तीने काही न विचारताच वारसाचा रकाना भरून टाकला. नाव, जन्मतारीख, उजव्या कोपरावरचा भाजल्याचा डाग.

"मॅडम, हे तुम्हाला कसं ठाऊक?" कोपरावर पदर ओढत बाईंनी विचारलं.

"काकू, सुरवसेसाहेब दरवर्षी ऑफिसच्या फॉर्मवर हेच तर लिहायचे." बोलता बोलता तृप्ती थबकली. फॉर्मवर लिहिलेलं ते सगळं ऑफिसचंच धरलं गेलं होतं. चार्जबरोबर तेही त्यांच्याकडून निघून आलं होतं.

बाई खुर्चीत टेकल्या. "तरीच. रोज सकाळी चहा दिला, की म्हणतात, बाई, आपण कोणाकडे आलात?"

तृप्तीने हातातलं पेन खाली ठेवलं.

"एकदा माझं नाव घ्याल? ते घ्यायचे तसं."

ते घरी कशी हाक मारायचे, हे कुठल्याच फॉर्मवर नव्हतं. तृप्तीकडे होतं तेवढंच तिने म्हटलं, आडनाव आधी. "सुरवसे कुमुद भगवान."

"ओ," बाई म्हणाल्या, आणि डोळे मिटून पुन्हा हाक यायची वाट बघत राहिल्या.