सारंगचा पाचवा वाढदिवस

केकवर मोटार काढू की वाघ, असं डमडमच्या बेकरीवाल्याने विचारलं आणि मुग्धा गडबडली. आवड कधी विचारलीच नव्हती.

"मोटार," ती म्हणाली. "नाव सारंग. मेणबत्त्या पाच."

घरी सौरभ फुगे फुगवत होता. त्याच्या बँकेची नागपूरला बदलीची ऑर्डर फ्रिजवर लावलेली होती. पुढच्या वर्षी कालिंदीचं बराकपूर एका ट्रेनच्या अंतरावर नसणार होतं.

"ताप उतरला असेल ना रे?"

"कालिंदीला फोन कर."

"केला तर ती नाही म्हणेल."

तेवढ्यात कालिंदीचाच फोन आला.

"ताप गेला," ती हिंदीत म्हणाली. "पण दुपारची झोप नाही, त्यामुळे चिडचिड. मी नकोच म्हणत होते. तर सकाळपासून नवा शर्ट घालून दारातच मुक्काम."

"ट्रेनमध्ये खिडकी मिळू दे."

"नाही मिळाली तर अख्ख्या डब्याला ऐकावं लागतं. केक मऊ आहे ना? समोरचे दोन दात पडलेत."

"मऊ आहे."

"एकच तुकडा द्यायचा. गेल्या वर्षीचं लक्षात आहे ना?"

सगळ्यांच्याच लक्षात होतं.

पाच वर्षांपूर्वी, बाळंतपणाच्या वेळी, मुग्धाने एका कागदावर सही केली आणि नाळेतलं रक्त पेढीत गेलं. पुढे रक्ताच्या कर्करोगावर तेच चढवलं. डॉक्टर म्हणाले होते, पिशवी एवढीशी, पण वजनही बेताचंच, म्हणून पुरलं. आता अंगातलं सगळं रक्त त्या पिशवीतूनच वाढलेलं.

बराकपूरचा पत्ता मिळवायला मात्र दोन वर्षं गेली. रक्त कुणाला गेलं ते सांगणं नियमात बसत नव्हतं. शेवटी कालिंदीने वर्षातला एक तास दिला. मुग्धाने तो मुकाट्याने घेतला.

"या वेळी रडू नकोस," सौरभ म्हणाला. "गेल्या वेळी केवढी घाबरगुंडी उडाली होती."

"एक तर तास मिळतो. तो रडण्यात कोण घालवेल?"

तिने कागदी टोपीचं रबर ताणून पाहिलं. गेल्या वर्षी ते हनुवटीला काचत होतं. तिने गाठ सोडून थोडं सैल बांधलं.

बेल वाजली.

"सावकाश, उंबरा आहे," दारातून कालिंदीचा आवाज आला.

मुग्धाने पाचही मेणबत्त्या लावल्या. मग भिंतीकडे गेली आणि सारंगच्या नऊ दिवसांच्या फोटोवरचा हार सारखा केला.

कालिंदीचे सासरे आत आले. रेल्वेतून निवृत्त, किडकिडीत, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी चपला काढल्या, टोपी घातली, रबर हनुवटीखाली नीट बसवलं आणि फोटोखालच्या खुर्चीत बसून गेल्या वर्षीसारखाच डावा हात टेबलावर ठेवला.

मुग्धाने त्यांच्या नाडीवर दोन बोटं टेकवली.

"सारंग," ती मनगटाला म्हणाली, "नागपूरला येशील?"