कड्याचा कुकारा

पाखरांची शीळ माणसाच्या शब्दांत उतरवणाऱ्या यंत्रावर सकाळी पुन्हा तीच ओळ उमटली. ‘ही जागा माझी आहे, इकडे फिरकू नकोस.’ ओढ्यावरचा कस्तूर पक्ष्याचा नर शीळ घालत होता. क्षणभराने पलीकडच्या कड्यावरून तेच शब्द परत आले.

‘कड्यावर दुसरा नर,’ पक्ष्यांच्या अभ्यासासाठी रानात राहिलेल्या तनुजाने नेहमीप्रमाणे नोंद केली. कड्याच्या माथ्यावर या जातीची उरलेली शेवटची मादी राहत होती. ‘मी इथे आहे,’ असं ती रोज सांगायची. जोडी जमावी म्हणून तिला पकडून ओढ्यावरच्या नराजवळ आणायचं का, असं वरिष्ठांनी विचारलं तेव्हा तनुजाने कळवलं होतं, ‘गरज नाही, नर तिच्या शेजारीच आहे.’

शिधा घेऊन आलेले धोंडूकाका यंत्राकडे बघत राहिले. म्हणाले, “बाई, तिथं दुसरा कुणी न्हाई. दरड कोसळली, कड्यावरचं रान गेलं, तवापासनं उघडा कातळ आवाज माघारी धाडतो. आम्ही दरीपल्याड कुकारा घातला की आधी डोंगराचं बोलणं संपू देतो, मग माणसाचं ऐकतो.”

तनुजाचा चेहरा उतरला. महिनाभर ओढ्यावरचा नर आपल्याच दरडावण्याच्या प्रतिध्वनीला भिऊन ओढा ओलांडत नव्हता, आणि कड्यावर मादी एकटीच होती.

“त्याला सांगता येत न्हाई का?”

“हे यंत्र फक्त ऐकतं, काका.”

मादीची ओळ यायची वेळ टळून गेली. दुपारी तनुजा दरीच्या काठावर गेली आणि तिने जीव खाऊन कुकारा घातला. डोंगराचं बोलणं तिने संपू दिलं. मग मादीच्या शिळेसाठी बराच वेळ ती कान देऊन उभी राहिली.