चिमटा

बाळांनो, विद्यापीठातला एक लांबलचक व्हरांडा डोळ्यांसमोर आणा. टोकाला मदतकक्ष, म्हणजे मुलींनी आपलं गाऱ्हाणं सांगायची खोली, आणि तिच्या अलीकडेच सरांची प्रयोगशाळा.

मदतकक्षाच्या दाराची मूठ धरून एक पोर उभी होती. आत जाऊन सांगायचं काय? काल सरांनी दार लावून घेतलं आणि नको तिथे हात लावला, हे? विश्वास कोण ठेवणार? आणि सरांच्या कानावर गेलं तर?

मागून वरच्या वर्गातली ताई आली. पोर मनातल्या मनात हिला चोमडी म्हणायची. पोर सरांजवळ एकटी दिसली की ही हटकून दार ढकलून यायची, "सर, चिमटा आहे का?" सर हसायचे, "हिचे चिमटे काय उंदीर पळवतात?" पोरही हसायची. काल नेमकी ताई रजेवर होती.

"चल, मी येते बरोबर," ताई हळूच म्हणाली. "माझ्या वेळी चिमटा मागायला कोणी आलं नव्हतं गं."

तेवढ्यात एक नवी मुलगी प्रयोगशाळेत शिरली आणि तिच्यामागे दार लोटलं गेलं. कडी अजून वाजली नव्हती.

पोरीने हातातली मूठ सोडली, ती मागे वळली आणि तिने ते दार ढकललं.

"सर, चिमटा आहे का?"