पुड्यावरची अक्षरं

मास्तरांनी पुडा उलटा केला, सुलटा केला, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांशी नेला. मुंग्यांची रांग लागावी तशी बारीक अक्षरं. एकही ओळखीचं नाही. या देशाची लिपीच निराळी होती आणि इंग्रजीला दुकानात कुणी विचारत नव्हतं.

“हाच घेऊ,” ते ठासून म्हणाले. “साधी दुधाची बिस्किटं आहेत. गाईचं चित्र दिसतंय ना!”

नात ट्रॉलीत बसून भुकेनं कुरकुरत होती. लेक कामावर जाताना रोज एकच बजावायची, बाकी काहीही द्या, पण शेंगदाण्याचा कणसुद्धा नको. मागच्या महिन्यात त्या कणापायी पोरीचा घसा सुजला, ओठ निळे पडले आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

“थांबा जरा,” बायको म्हणाली. “मला बघू द्या.”

“तू काय बघणार?” मास्तर हसले.

लेकीकडे आल्यापासून रोजचा बाजार तीच करायची. मास्तर आज पहिल्यांदाच सोबत आले होते आणि दारातून आत शिरल्यापासून मुख्याध्यापकाच्या तोऱ्यात होते. पस्तीस वर्षं शाळा चालवलेला माणूस. अख्ख्या गावाचा अंगठा पुसून त्यांनी सही शिकवली होती. घरातल्या अंगठ्याकडे तेवढं बघायचं राहून गेलं. रात्रशाळेला आलेल्या पन्नास जणांचा चहा कुणीतरी करायला हवाच होता ना!

तेवढ्यात नातीनं पुडा हिसकावला. तो टर्रकन फाटला आणि बिस्कीट तोंडाशी गेलं.

“नको!” बायकोनं झडप घालून तिचा हात धरला. पोरीनं भोकाड पसरलं. आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“अगं, काय तमाशा मांडलायस? सोड तिला!”

तिनं सोडलं नाही. एका हातानं पोरीचं मनगट घट्ट धरून दुसऱ्या हातानं पर्समधून एक कागदाचा तुकडा काढला. मागच्या महिन्यात ज्या पुड्यानं घात केला होता, त्यावरचा शेंगदाण्याचा शब्द तिनं लेकीला विचारून कापून ठेवला होता. तो तुकडा पुड्यावर ठेवून ती एकेका ओळीखालून सरकवू लागली. पहिली ओळ. दुसरी. तिसरी. मास्तर नकळत वाकले. पाचव्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

वर आणि खाली, तोच शब्द. तसूभर फरक नाही.

मास्तरांनी नातीच्या मुठीतून बिस्कीट सोडवलं, रुमालानं तिची बोटं पुन्हा पुन्हा पुसली.

“माझ्या हातून पोर गेली असती गं,” ते म्हणाले. “मला वाचताच येत नव्हतं. इतकं लाचार आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. तुला हे असं जुळवून बघायचं सुचलं तरी कसं?”

तिनं फडताळावरचा दुसरा पुडा घेतला आणि तुकडा पहिल्या ओळीखाली धरला.

“यात सुचायचं काय? आपली पोरं लहान होती, तेव्हा त्यांच्या औषधाच्या बाटल्या मी जुन्या लेबलांशी अशाच जुळवून बघायचे. तुम्ही गावाला वाचायला शिकवत असायचात.”