जन्माची नक्कल

जन्माच्या नोंदीची शाई अजून काळी होती. मृत्यूच्या नोंदीची तपकिरी पडली होती. अक्षर एकच, आणि दोन नोंदींमध्ये अंतर नऊ दिवसांचं.

"हे पाहा," वाशीमच्या तहसील कचेरीतला कारकून म्हणाला. "नानाजी पाटील यांस मुलगा. अन् खाली, नानाजी पाटील यांचा मुलगा, वय दिवस नऊ, मयत. म्हणजे तुमी मेलेले आहात. मेलेल्याचं नाव एम.एस्सी.ला घालू नये असा तुमच्या विद्यापीठाचा नियम नसंल म्हना. पन मी जन्माची नक्कल कशी देऊ?"

उकंडराव हसला. तारीख होती एकवीस जुलै, एकोणीसशे अडतीस. नागपूरला नाव नोंदवायची मुदत एकतीसला संपत होती.

मॅट्रिकच्या दाखल्यावर गावच्या मास्तरनं त्याची जन्मतारीख अंदाजानं एक जून लिहिली होती. बी.एस्सी.च्या अर्जात त्यानं आईनं सांगितलेली कार्तिकातली तिथी घातली. दोन्हींत वर्षाचा फरक पडला. विद्यापीठानं एम.एस्सी.चा अर्ज परत पाठवला. जन्माची नक्कल जोडा, नाहीतर आईबापांपैकी एकानं दंडाधिकाऱ्यासमोर केलेलं प्रतिज्ञापत्र. प्राध्यापकांकडे संशोधनाची जागा एकच होती. मुदत चुकली की ती पुढच्या नावाला जाणार होती.

वडील तीन वर्षांपूर्वी वारले होते. उरली आई, तुळसाबाई.

मृत्यूची नोंद का झाली असावी, हे उकंडरावाला घरी पोचेपर्यंत उमगलं. तुळसाबाईची आधीची चार मुलं आठवड्याच्या आत गेली होती. पाचव्याला तिनं रीतीप्रमाणे सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. गावकुसाबाहेरच्या गोमतीबाईनं ते उचललं, आणि आईनं तिच्याकडून ते सूपभर जवारी देऊन विकत घेतलं. म्हणजे मूल या घरचं नाही, असं सटवाईला वाटावं. म्हणून तर नाव उकंडा. पाटील या नात्यानं जन्ममृत्यूचं पुस्तक नानाजींच्याच हाती होतं. देवीला पुरतं फसवायला त्यांनी त्यातही मुलगा मेला म्हणून लिहिलं असणार.

या गृहीतकात सगळं बसत होतं. एकच गोष्ट बसत नव्हती. नानाजींनी त्या पुस्तकात कधी खोटं लिहिलं नाही, असं गाव सांगे. अपवाद म्हणून त्यानं ती बाजूला ठेवली.

"वाशीमले चाल, माय. एक अंगठा द्याचा हाय."

"कायचा?"

"मी तुहा लेक हावो, जित्ता हावो म्हनून."

तुळसाबाईच्या हातातलं लाटणं थांबलं. "असं कचेरीत बोलू नाई, बापू."

"देवी सरकारी कागद वाचत नाई."

ती पुन्हा लाटू लागली. दुसऱ्या दिवशी तिला उपास होता. मग शेतात निंदणाला बाया लागल्या होत्या. मग अमावस्या आली. मग गुडघा धरला. प्रत्येक कारण खरं होतं, आणि आठ दिवस गेले.

"इतकं शिकून तू तिकडंच राहशीन," ती एकदा म्हणाली.

"येईन ना मी."

"हे सांगतलं तरी येशीन?"

"काय सांगतलं तरी?"

ती चुलीकडे वळली.

एकोणतीसला सकाळी ती आपण होऊन गाडीत बसली. "गोमतीले संग घे," एवढंच म्हणाली. गुडघ्यामुळे आधार हवा असेल, असं उकंडरावाला वाटलं. गोमतीबाई गाडीच्या मागच्या कडेला पाय सोडून बसली.

"सूपभर जवारीत एवढा शिकलेला भेटला, पाटलीणबाई," ती म्हणाली. "सस्तात पडला तुमाले."

उकंडराव हसला. "मंग घेतं का वापस?"

"अन् तुह्या काचेच्या नळ्या कुठं ठेवू माह्या झोपडीत?"

तुळसाबाई हसली नाही. रस्ताभर तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

कचेरीत गोमतीबाई नेहमीप्रमाणे बाहेर पायरीवर बसली. नागपूर गाठायला उकंडरावाला धरायची असलेली अकोल्याची मोटार दोन वाजता सुटणार होती. तहसीलदारांनी कागद वाचून दाखवला.

"मी, तुळसाबाई, नानाजी पाटील यांची विधवा, शपथेवर लिहून देते की अर्जदार उकंडराव हा माझ्या पोटी जन्मलेला मुलगा असून तो हयात आहे. सदर पुस्तकातली मृत्यूची नोंद खोटी आहे." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बरोबर आहे ना, बाई?"

कारकुनानं शाईची गादी पुढे सरकवली. तुळसाबाईनं हात पुढे केला. अंगठा शाईच्या वर येऊन थांबला.

"माय, मोटार सुटून जाईन," उकंडराव हळूच म्हणाला.

"खोट्या शपथेला सजा आहे," तहसीलदार म्हणाले. "पण तुम्हाला काय त्याचं! स्वतःच्या लेकाबद्दल सांगायचंय."

तिनं हात मागे घेतला.

"गोमते," तिनं दाराकडे पाहून हाक मारली. "आत ये."

"मी नाई येत, बाई." गोमतीबाई पायरीवरूनच म्हणाली. "चाला घरी."

"ये म्हन्तो ना."

गोमतीबाई उंबरठ्यापर्यंत आली. कारकून तिला हटकायला उठला. तुळसाबाईनं तिचं मनगट धरलं, तिला ओढून टेबलापाशी आणलं आणि सोडलं नाही. उकंडरावानं एकीकडून दुसरीकडे पाहिलं. गोमतीबाईनं पदरात तोंड लपवलं होतं.

"ते पुस्तक खरं हाय, सायेब," तुळसाबाई म्हणाली. "अंगठा माहा नका घेऊ. हिचा घ्या."